परदेशी सहलीत रविवारची मिस्सा आणि चारचौघांत क्रुसाची खूण

नंदाखालकर
मंडळी, येत्या नोव्हेंबरात ऑफिसच्या मित्रांबरोबर जपानला जायचं घाटतंय. सहा जण आहोत, त्यात कॅथलिक मी एकटा. टोकियो, क्योटो, ओसाका हा नेहमीचाच मार्ग. मी ग्रुपवर सुचवलं की नागासाकीही घेऊ या. वसईकरांना कारण सांगायला नको. आपला संत गोन्सालो गार्सिया तिथल्याच टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर गेला. लगेच उत्तर आलं, "चर्च बघायला दोन दिवस कशाला? वसईत कमी आहेत का?" त्यावर सगळ्यांचे हसरे चेहरे. मीही एक हसरा चेहरा टाकला आणि विषय संपला.

पण मला ते लागून राहिलंय. घरी जेवणाआधी क्रुसाची खूण केल्याशिवाय आमच्याकडे कोणी घास घेत नाही. कँटीनमध्ये मी ती अशी करतो की बघणाऱ्याला वाटावं शर्टाची बटणं तपासतोय. रविवारचा ट्रेक असला तर मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) बुडते आणि मी "घरी काम होतं" सांगून कधी ट्रेकच टाळतो. "मिस्सेला जायचंय" असं सरळ म्हणत नाही. कोणी काही बोललंय म्हणून नाही हं, उगाचच.

तुम्ही कसं करता? प्रवासात, ऑफिसात, हॉस्टेलात? आणि परदेशात भाषा कळत नसताना मिस्सेला जाण्याला अर्थ असतो का?

मरोळची_मुलगी
बटणं तपासण्यावरून फार हसले. आमच्या घरातले अर्धे पुरुष हेच करतात. बस चर्चवरून गेली की हात छातीपर्यंत जातो आणि तिथून केसांवर.

माझा अनुभव भस्म बुधवारचा. सकाळची मिस्सा करून थेट ऑफिस, कपाळावर राखेचा क्रूस. लिफ्टमध्ये एक, पँट्रीत दोन, "अगं, कपाळाला काहीतरी लागलंय." एका मैत्रिणीने तर प्रेमाने ओला टिश्यू आणून पुसायलाच घेतलं. मी डोकं मागे घेतलं तर तिला वाटलं मला दुखतंय! शेवटी तिला सांगितलं की आजपासून आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, फादर कपाळाला राख लावतात आणि म्हणतात की माणसा, तू माती आहेस, मातीला मिळशील. ती म्हणाली, "आज अप्रेझल आहे आणि तू हे लावून आलीस?"

खाली वॉचमनकाका मात्र लांबूनच म्हणाले, "भस्म ना? आम्ही सोमवारी लावतो." विषय तिथेच मिटला. पूर्ण ऑफिसात एकही प्रश्न न विचारता समजलेले ते एकटेच.

शंकेखोर
मी नास्तिक, तेव्हा मीठ शेजारी ठेवून वाचा. धर्म ही खासगी बाब आहे. नंदाखालकर, तुम्हाला लाज वगैरे वाटत नाहीये, तुम्ही फक्त सभ्य आहात. तुमच्याच बायबलात येशूने सांगितलंय ना, चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा आणि मग करा?

मरोळची_मुलगी
@शंकेखोर, मत्तय अध्याय ६. बरोबर. पण त्याच प्रवचनात, एक अध्याय आधी, दिवा पेटवून कोणी मापाखाली ठेवत नाही असंही त्यानेच सांगितलंय. तेव्हा दोन्ही पचवावं लागतं.

शंकेखोर
म्हणजे तुमचा देवही मीटिंगमध्ये "इट डिपेंड्स" म्हणतो. हलकं घ्या.

फादरचा_भाचा
दार लावून करा हे दिखाऊपणाविरुद्ध आहे, दिवा झाकू नका हे भित्रेपणाविरुद्ध. नंदाखालकरांचा आजार दुसरा आहे, त्यांना पहिल्याचं औषध देऊ नका.

आता नियमाचं बोलतो, कारण दर सुट्टीत मला फोन येतात. रविवारची मिस्सा जगातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते, भाषा कोणतीही असो. शनिवारी संध्याकाळची केली तरी रविवारची धरतात. विधीही आपलाच हवा असं नाही. कल्याणला केरळी परंपरेच्या सीरो-मलबार कॅथलिक चर्चमध्ये गेलात तरी चालतं. आजारी असाल, प्रवासात अडकला असाल, आसपास चर्चच नसेल, तर पाप नाही, घरी किंवा गाडीत प्रार्थना करा. मात्र "विमान दुपारचं होतं, पण झोप लागली" हे गंभीर कारण नाही. माझ्या मामांना विचारून सांगतोय.

आणि भाषेचं म्हणाल तर त्या दिवशीची बायबलातली वाचनं आपल्या विधीच्या चर्चमध्ये सगळीकडे तीच असतात. सकाळी फोनवर मराठीत वाचून जा. फादर जपानीत काय सांगताहेत याचा साधारण अंदाज येतो. प्रवचन कळत नाही, पण ते आपल्या धर्मग्रामातही (पॅरिशमध्येही) दर वेळी कुठे कळतं?

दर्यासारंग
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं. जहाजावर फादर नसतात, रविवार बंदरात मिळेलच असंही नाही. पण फिलिपिनो खलाशी असले की चिंता नसते. संध्याकाळी मेसरूमच्या कोपऱ्यात मेरीमातेची छोटी मूर्ती, समोर बॅटरीवरची मेणबत्ती (खरी पेटवायला बंदी) आणि जपमाळ सुरू. ते त्यांच्या टागालोग भाषेत अर्धी नमो मरिये (मेरीमातेची प्रार्थना) म्हणायचे, मी मराठीत उरलेली अर्धी. कोणी अडखळलं नाही. त्या मेसरूममध्ये युक्रेनियन इंजिनियर टीव्ही बघायचा. जपमाळ सुरू झाली की आवाज बंद करून नुसतं चित्र बघत बसायचा.

बंदरात उतरलं की स्टेला मारिसचं केंद्र शोधायचं. ही खलाशांसाठीची कॅथलिक संस्था, १९२० मध्ये ग्लासगोत सुरू झाली, आज मोठ्या बंदरांत सगळीकडे आहे. मिस्सा मिळते, फुकट वायफाय मिळतं आणि कोणीतरी "घरी सगळं बरं ना" विचारतं. तिघांत वायफायसाठी गर्दी जास्त, हेही खरं.

क्रुसाची खूण करायला तिथे लाजायचं कसं? वादळात सगळेच करत होते, न करणारेसुद्धा.

आखाती_आई
दर्यासारंग काका, तुम्हाला निदान मेसरूम मिळाली. आम्ही सौदीत होतो. तिथे चर्च नाही. नाताळच्या रात्री चार कुटुंबं एका फ्लॅटमध्ये जमायचो, पडदे ओढून, मुलांना "हळू" असं दर दोन मिनिटांनी सांगत. गाणी ओठांतल्या ओठांत. येशूजन्माचा गोठा पुठ्ठ्याचा, सण झाला की कपाटात. नंतर दुबईला बदली झाली. तिथे सेंट मेरीज चर्चच्या आवारात पहिल्यांदा गेले तेव्हा ती गर्दी बघून मी रडले. तमीळ, मल्याळम, कोकणी, टागालोग, अरबी, एकामागून एक मिस्सा. तेव्हा सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची मिस्सा शुक्रवारी व्हायची. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी झाली. मुलगा विचारायचा, "मग गुड फ्रायडे रोज असतो का?"

भारतात परत आल्यावर ऑफिसात हळू बोलायची सवय सुटायला वेळ लागला. इथे कोणी अडवलं नव्हतं. नंदाखालकर, तुमचं "उगाचच" मला नीट कळलं.

मासेखाऊ
अवांतर: उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, मासे चालतात. म्हणून आमच्याकडे शुक्रवारी घोळीचं कालवण, वर तळलेलं पापलेट. हे प्रायश्चित्त कोणत्या कोनातून आहे, फादरच्या भाच्याने सांगावं.

फादरचा_भाचा
पापलेटचा भाव विचारून या, मग प्रायश्चित्त कुठे असतं ते कळेल.

मासेखाऊ
दंडवत.

प्रवरेकाठी
वाचतोय सगळं. थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. या चर्चेत सगळे वसई-मुंबई-गोव्याचे. डिमेलो, तुस्कानो, लोपीस. तुमचं आडनावच तुमचा क्रूस आहे, तुम्ही न बोलता जगाला कळतं. आम्ही नगर जिल्ह्यातले, श्रीरामपूर-राहाता भागातले. आडनावं गायकवाड, साळवे, पठारे. आम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही. आणि सांगावं की नाही, हा आमच्या घरात कँटीनमधला प्रश्न नसतो. शाळेचा दाखला काढताना, फॉर्म भरताना, "धर्म" या रकान्यापाशी पेन थांबतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजवर नाहीत. माझ्या वडिलांनी त्या रकान्यात "ख्रिश्चन" लिहिलं आणि त्याची किंमत आम्ही भावंडांनी भरली. त्यांना कोणी धाडसी म्हटलं नाही. काहींनी मूर्ख म्हटलं.

सप्टेंबरात आमच्याकडे हरेगावला मतमाउलीची (मेरीमातेची) यात्रा असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, एसटी, पायी, लाखांनी लोक येतात, सगळ्या धर्मांचे. आजी नवस फेडायला नेत असे. तिथे भजनाला पेटी, टाळ, ढोलकी. एकदा मुंबईचे पाहुणे आले होते, म्हणाले, "हे कॅथलिक वाटत नाही." आजी म्हणाली, "मग तुम्ही कोण हाये?"

आखाती_आई
@प्रवरेकाठी, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

प्रवरेकाठी
ते नाहीत आता. पण सांगितला असं समजा.

अ‍ॅडमिन
विषय महत्त्वाचा आहे. आरक्षणावर वेगळा धागा काढल्यास उत्तम, इथे ती चर्चा लांबवू नये. दोन प्रतिसाद उडवले आहेत, का ते त्या दोघांना माहीत आहे.

सावंतवाडीकर
आमच्याकडून दर वर्षी जुन्या गोव्याला चालत जातात, ३ डिसेंबरच्या गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला). साठ-सत्तर किलोमीटर असेल. रात्री थंडीत चालायचं, पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, पुढे एकाच्या हातात क्रूस. वाटेत लोक चहा, कण्हेरी, केळी घेऊन उभे. त्यातली कितीतरी घरं हिंदू. एका वळणावर एक आजोबा दर वर्षी बादलीत कोमट पाणी आणि मीठ घेऊन बसलेले असतात, पाय बुडवायला. २०२४ मध्ये सायबाचं शवदर्शन होतं (२१ नोव्हेंबरला सुरू झालं, ५ जानेवारीला संपलं), तेव्हा तर रस्ता झोपलाच नाही. चालणाऱ्यांत धर्माचा पत्ता नसलेला माझा भाचाही होता, "स्टेप्स होतील" म्हणून आलेला. परतीच्या बसमध्ये त्याच्या पायाचे फोड मोजण्यात सगळी मंडळी गुंतली होती.

इंद्रायणीकाठचा_आयटीवाला
मी हिंदू, दर वर्षी आळंदी ते पुणे टप्पा आयटी दिंडीबरोबर चालतो. डोक्यावर टोपी, गळ्यात टाळ आणि दुपारी एक कॉल, तोही टोपी घालूनच. मला कोणी विचारत नाही, कारण बहुसंख्याकाला हे धाडस फुकट मिळतं. त्यामुळे सल्ला देताना जरा अवघडतोय.

तरी सांगतो. तुम्ही ग्रुपवर "चर्च" म्हणालात, म्हणून ते हसले. चर्च म्हणजे त्यांच्या डोक्यात बाकं आणि शांतता. तुम्ही गोष्ट सांगितलीच नाहीत. चारशे वर्षांपूर्वी आपल्या वसईत जन्मलेला पोरगा जपानला कसा पोचला? मला ही गोष्ट आज कळली, आणि मी पालघरला चार वर्षं नोकरी केलीय! आधी इथे सांगा.

उनाडटप्पू
मी नागासाकी केलंय, मी सांगतो. चहा घेऊन बसा.

गोन्सालो गार्सियाचा बाप पोर्तुगीज, आई इथली कोकणातली. जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमाराचा. किल्ल्यातल्या जेझुइट फादरांकडे शिकला आणि त्यांच्याबरोबर अगदी तरुण वयात जपानला गेला. जपानी अशी शिकला की पुढे सगळी पुंजी तीच ठरली. काही वर्षांनी व्यापारी झाला, पैसा बऱ्यापैकी कमावला. मग मनिलात सगळं सोडून फ्रान्सिस्कन या संन्याशांच्या संघात ब्रदर झाला. फादर नव्हे, ब्रदर. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर दुभाषा म्हणून पुन्हा जपानला. थेट जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे बोलणी करायला. म्हणजे आजच्या भाषेत, क्लायंट कॉलवर तोच बोलत होता.

१५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज शिकोकूच्या किनाऱ्यावर फुटलं. मालावरून तंटा झाला, संशय वाढला आणि हिदेयोशीने मिशनरी आणि त्यांच्या जपानी साथीदारांच्या धरपकडीचा हुकूम दिला. क्योटोत या लोकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गावातून धिंड काढली आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालत नेलं. सुमारे महिनाभर. एकूण सव्वीस जण, त्यात बहुतेक जपानी, तीन तर पोरं होती, लुईस फक्त बारा वर्षांचा. निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला संत वसईचा, हे आपण वसईतल्या गासच्या सणाला दर वर्षी ऐकतो, पण टेकडीवर उभं राहून ऐकणं वेगळं.

स्टेशनातून बाहेर पडून पाचेक मिनिटं चढ चढलं की समोर ब्राँझच्या सव्वीस मूर्ती एका रांगेत. १९६२ मध्ये उभारल्या, शिल्पकार यासुताके फुनाकोशी. एक गोष्ट बघा: पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पावलं खाली झुकलेली, जणू आत्ताच उचलले गेलेत. रांगेतला गोन्सालो शोधायला मला वेळ लागला. सापडला तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने "अरे, हा बघ आपला!" निघालं. शेजारी एक मेक्सिकन कुटुंब होतं, त्यांचाही एक त्यात आहे, फेलिपे. त्यांचा आणि आमचा, असे आम्ही फोटो काढले. पलीकडचं चर्च त्याच फेलिपेच्या नावाचं, वास्तुविशारद केंजी इमाईचं काम, मनोरे स्पेनच्या गाउदीची आठवण करून देणारे.

आता शंकेखोर आणि आखाती_आई, तुमच्यासाठी. त्यानंतर जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून माणसं तपासायचे. तरी दोन-अडीचशे वर्षं, एकही फादर नसताना, नागासाकीलगतच्या उराकामीच्या शेतकऱ्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना जपल्या. बौद्धांच्या कान्नोन देवीच्या मूर्तीला मरिया मानून हात जोडले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतल्या नव्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले, फ्रेंच फादर पेतिजाँ प्रार्थना करत होते. एका बाईने हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? ती मूर्ती आजही ओउरात आहे. पुढे कळल्यावर उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना हद्दपार केलं, बंदी १८७३ मध्ये उठली. आणि १९४५ ला अणुबॉम्ब पडला तो याच उराकामीवर. चर्चही गेलं. १९५९ मध्ये परत बांधलं.

मग यातलं धाडस कोणाचं? उघड क्रुसावर गेलेल्यांचं, की पडदे ओढून पिढ्यान्‌पिढ्या पुटपुटणाऱ्यांचं? मी ओउराच्या बाकावर बसून बराच वेळ हेच घोळवत होतो. माझं मत: दोघंही. फक्त पडदा ओढायचं कारण बाहेर उभं आहे की आपल्या डोक्यात, तेवढं बघावं.

शंकेखोर
वाचनखूण साठवली. आखाती_आईंचा फ्लॅट आणि उराकामी, दोन्ही एकदम डोळ्यासमोर आलं. तरी नास्तिक आहे, नोंद घ्यावी.

माहीमचा_बुधवार
दर बुधवारी माहीम स्टेशनवर उतरणारे सगळे नास्तिक "फक्त मैत्रिणीला सोबत" म्हणूनच इथल्या चर्चच्या नोव्हेनाला (बुधवारच्या प्रार्थनेला) येतात. जागा राखून ठेवतो.

मरोळची_मुलगी
उनाडटप्पू, उराकामीत रविवारी मिस्सा केलीत का? मला बायकांचं ऐकायचंय. जुन्या जपानी चर्चमध्ये डोक्यावर पांढरं वस्त्र घेतात म्हणे.

उनाडटप्पू
केली. पुढच्या बाकांवर बऱ्याच आज्यांच्या डोक्यावर पांढरी जाळीदार ओढणी. मिस्सेत एकमेकांना शांती देतात त्या खुणेला हस्तांदोलन नाही, एकमेकांकडे वळून वाकून नमस्कार. मी सवयीने हात पुढे केला, शेजारच्या आजोबांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि वर वाकलेही. भाषा शून्य कळली. "आमेन" मात्र आमेनच.

नंदाखालकर
सगळ्यांचे आभार. प्रवरेकाठी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. पुढे काय लिहावं सुचत नाही.

बाकी अपडेट: काल उनाडटप्पूंची गोष्ट माझ्या शब्दांत ग्रुपवर टाकली. जहाज, कान, हिवाळ्यातली पायपीट, सगळं. खाली लिहिलं, "मला तिथे रविवारी मिस्सेलाही जायचंय, तुम्ही तोवर झोपा." पहिलं उत्तर, "तू हे आधी का नाही सांगितलंस?" दुसरं, "अणुबॉम्ब संग्रहालय तिथेच ना, मला बघायचंच होतं." एकजण अजून कुरकुरतोय, त्याला ओसाकात एक दिवस जास्त खायचंय.

आता कोणीतरी रेल्वेचं सांगा.

उनाडटप्पू
ओसाकाहून शिनकान्सेनने हाकाता, अडीच तास. तिथून रिले कामोमे, ताकेओ-ओनसेनला त्याच फलाटावर समोरची गाडी, आणि नागासाकी. २०२२ मध्ये नवा मार्ग सुरू झाल्यापासून हाकाताहून दीड तासात होतं. कुरकुरणाऱ्याला सांगा, नागासाकीचा कास्तेला केक पोर्तुगीजांनी आणलेला. आणि चांपोन नावाचं नूडल्सचं प्रकरण तिथलंच.

मासेखाऊ
शुक्रवारी पोचत असतील तर चांपोनमध्ये डुकराचं मटण असतं, आधीच विचारून घ्या.

फादरचा_भाचा
नोव्हेंबर उपवासकाळात येत नाही, पण वर्षभराचे शुक्रवारही प्रायश्चित्ताचेच असतात. मटण सोडा, नाहीतर बदली एखादी प्रार्थना, एखादं सत्कृत्य. निवांत रहा, बिल तुम्ही भरलंत तर तेही सत्कृत्यच.

सावंतवाडीकर
जपानचाच विषय निघालाय तर, ऑगस्ट २०२७ मध्ये शेजारच्या दक्षिण कोरियात, सोलला कॅथलिक तरुणांचा जागतिक युवा दिन आहे. भाचा जातो म्हणतोय, फोड बरे झालेत. कोकणातून कोणाचा गट निघतोय का? नवा धागा काढू की इथेच विचारू?

अ‍ॅडमिन
नवा काढा.